गोणीवर शिक्का फरशीवाल्याचा होता

जळगावच्या एका फिश टँकच्या दुकानात मागच्या डिसेंबरात आम्ही 5,750 रुपये मोजले. त्यातले 2,100 माझ्या आठवीतल्या लेकाचे होते, मामाने दिवाळीला दिलेले, आजीने वाढदिवसाला हातावर ठेवलेले. त्याला जर्मन ब्लू रॅम पाळायचे होते. सिक्लिड जातीतला हा बुटका मासा, पूर्ण वाढला तरी दोन-सव्वादोन इंचांचा. मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला. त्याला पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं लागतं आणि ऊब 27 ते 30 अंशांची. हे सगळं लेकाने वहीत उतरवून ठेवलं होतं. दुकानात मात्र वही पिशवीतच राहिली, कारण दुकानदार फार गोड बोलत होता.

टाकी दोन बाय एक बाय एक फुटाची, झाकणासकट 2,200. फिल्टर 650, हीटर 450. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, तिन्ही वस्तू आजही चालू आहेत. फसवणूक पुढच्या तीन गोष्टींत झाली.

पहिली, पांढरी शुभ्र खडी. "ॲमेझॉनची स्पेशल आहे ताई, सिक्लिडला हीच लागते," म्हणून 10 किलोचे 900 रुपये घेतले. दुसरी, एक प्लास्टिकची बाटली, 350 रुपये. तिच्यावर ना लेबल, ना तारीख. "बाकीचे लोक महिनाभर टाकी रिकामी चालवायला सांगतात. आपल्याकडे हे बॅक्टेरिया आहे ना! दोन झाकणं टाका, संध्याकाळी मासे सोडा." तिसरी, माशांची जोडी, 1,200 रुपये. दोन्ही मासे जेमतेम इंचभराचे, पण रंग असा की निळ्या दिव्यासारखे चमकत होते. चोपड्याच्या एसटीत लेकाने ती पिशवी मफलरमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती. थंडी होती. दीड तास तो हललासुद्धा नाही.

आमच्या बोअरचं पाणी जड. कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो, तुमच्याकडेही बसत असेल. म्हणून लेकाने चार कळशा आरओचं आणि एक बोअरचं असं मिसळून टाकी भरली. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाने मीटर लावून बघितलं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दीडशेच्या आसपास. लेकाला वाटलं, जमलं.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पर अंगाला मिटून घेतलेले, खाद्य टाकलं तरी वळून बघेनात. दुकानात फोन केला तर म्हणाला, "आणखी दोन झाकणं टाका." टाकली. सहाव्या दिवशी सकाळी एक मासा खडीवर आडवा पडलेला दिसला. लेक त्या दिवशी शाळेत गेला नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पैसा पानीमा गयात."

त्याच्या शाळेतले विज्ञानाचे सर संध्याकाळी मुद्दाम घरी आले. त्यांनी आधी खडी मागितली. स्टीलच्या वाटीत चमचाभर खडी घेतली आणि वरून व्हिनेगर ओतलं. दाण्यादाण्यातून बारीक बुडबुडे निघायला लागले, वाटीला कान लावला तर सुर्र असा आवाज. सर म्हणाले, हे संगमरवराचे तुकडे आहेत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. मऊ पाण्यात ते हळूहळू विरघळतं आणि पाणी जड, अल्कधर्मी होत जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा मीटर लावला तर टीडीएस अडीचशेच्या घरात गेला होता. लेकाने कळशा वाहून जे केलं, ते ही खडी रोज उलटं करत होती.

मासा का मेला तेही सरांनीच समजावलं, आणि मला वाटतं प्रत्येक घरात हे माहीत असायला हवं. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणूंची वस्ती बसली की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर टाकीत मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. त्यात पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनिया जास्त जहरी. म्हणजे बाटलीने आणि खडीने मिळून त्या जीवाला मारलं.

दुसरा मासा रोज थोडं पाणी बदलून जगवला. पण महिन्याभरात त्याचा निळा रंग उतरला, राखाडी झाला. रंग यावा म्हणून पिलांना हार्मोन देऊन विकण्याचे प्रकार या धंद्यात चालतात. माझा संशय तोच आहे, सिद्ध करता येणार नाही. त्यात ती जोडीही नसावी. रॅमच्या मादीच्या पोटावर गुलाबी झाक असते, अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे कण असतात. फोटो काढून बघितलं, दोघांतल्या एकाच्याही पोटावर गुलाबी नव्हतं.

मी जाब विचारायला गेले ते न सांगता, बाजाराच्या दिवशी. दुकानामागे एक पोरगा घमेल्यात तीच पांढरी खडी धूत होता, शेजारी गोणी. गोणीवर फरशीवाल्याचा शिक्का. मोझॅकच्या फरशीत घालतात त्या चिप्स! बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात विचारलं, किलोला बारा रुपये. आम्ही नव्वद दिले होते. दुकानदाराला गोणी दाखवली तर म्हणाला, "मासा जीव आहे ताई, जिवाची गॅरंटी कोण देतं?" मी खडीचं विचारत होते, तो माशाचं बोलत राहिला. जीव आहे हे माहीत होतं, तर पोराच्या हातात तो मरायला का दिला, हे मी त्याला गिऱ्हाइकांसमोर विचारलं. त्याने मान फिरवली.

ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लावला, तर पहिला प्रश्न बिलाचा. आमच्याकडे होती वहीच्या पानावरची चिठ्ठी, नुसते आकडे, दुकानाचं नाव नाही. पैसेही रोख दिलेले. तेव्हा कुणी असं काही घ्यायला जाणार असेल तर छापील बिल मागा आणि पैसे मोबाइलवरून द्या, निदान नोंद राहते. खडी घ्यायच्या आधी चार दाणे मागून घ्या आणि व्हिनेगर टाकून बघा. मासा तुमच्यासमोर खाद्य खातो का ते बघितल्याशिवाय पिशवीत भरू देऊ नका. आणि टाकी न्या, आजच मासे सोडा, असं कुणी म्हणालं की त्या दुकानातून मासा घेऊ नका, मग बाकी माल कितीही स्वस्त असो.

राखाडी झालेला मासा फेब्रुवारीत गेला. लेकाने टाकी रिकामी केली, व्हिनेगर टाकून तपासलेली काळी खडी तळाला घातली, आणि जिवाणूंची वस्ती बसेपर्यंत टाकी माशांशिवाय चालवायची ठरवली. आता तो रोज संध्याकाळी पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकतो आणि रंग वहीत लिहितो. तिसरा आठवडा चालू आहे. अमोनिया कमी झालाय, नायट्राइटचा रंग अजून गडद जांभळाच येतो, म्हणजे ते अजून बरंच आहे.