रक्तस्राव थांबवणारी थैली: जवळ असावी, पण आतले साहित्य पारखून

हाताच्या पंजाएवढी, कमरेच्या पट्ट्याला अडकवता येणारी, रक्तस्राव थांबवण्याच्या साहित्याची तयार थैली मी ऑनलाइन मागवली आणि गेला हंगामभर रोज जवळ बाळगली. आता थैली तीच आहे, आतले निम्मे साहित्य मात्र बदललेले आहे. आमच्या बीड जिल्ह्यात उसाच्या फडात कोयता, गोठ्यात कडबाकुट्टी आणि खळ्यावर मळणीयंत्र यांच्याशी रोजचा संबंध येतो. मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि १०८ ची रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी पांदीतून वाट काढत शेतापर्यंत येण्यास तिला त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून अशी थैली हवी की नको, हा प्रश्न माझ्या मते निकालात निघालेला आहे.

थैलीतील मुख्य वस्तू म्हणजे टूर्निकेट, अर्थात हात किंवा पाय आवळून रक्तप्रवाह रोखणारा पट्टा. अमेरिकी सैन्यात रूढ असलेल्या ‘कॅट’ पट्ट्याची ही हुबेहूब नक्कल होती, छापही तोच. घरी मांडीला बांधून पाहिला, तेव्हा पट्टा आवळण्यासाठी पिळायची प्लॅस्टिकची दांडी दुसऱ्याच पिळाला धनुष्यासारखी वाकली आणि शिलाईचा दोरा उसवला. खरा पट्टा जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, ५ ते ८ सेंटीमीटरवर, गुडघा किंवा कोपर टाळून बांधायचा असतो आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची असते. जखमी कळवळतो, तरी तो सैल करायचा नसतो. बांधल्याची वेळ पट्ट्यावरच लिहावी लागते, कारण साधारण दोन तासांनंतर धोका वाढू लागतो आणि तो सोडण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. एवढा ताण ज्याने सोसायचा, तो पट्टा काहीशे रुपयांत मिळत असेल तर शंका घ्यावी. अस्सल पट्ट्याला काही हजार मोजावे लागतात, आणि मी ते अधिकृत वितरकाकडे मोजले.

त्या मानाने गॉजबद्दल तक्रार नाही. निर्जंतुक, घडी घालून हवाबंद केलेले ते कापड जांघेत किंवा काखेत, जिथे पट्टा बांधताच येत नाही, तिथे जखमेत ठासून भरायचे आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन दाबून धरायचे. छाती-पोटाच्या जखमेत मात्र ते कोंबायचे नसते. रक्त लवकर गोठवणारे गॉज हवे असल्यास केओलिन किंवा कायटोसान लावलेले मिळते. कायटोसानवर आधारित ‘अ‍ॅक्सिओस्टॅट’ तर भारतातच तयार होते. किंमत जास्त असल्याने मी त्याची एकच पट्टी ठेवली आहे, कारण नीट दाबून धरले तर साधे गॉजही मोठे काम करते. सोबतची लवचीक दाबपट्टीही उत्तम निघाली.

कुठे ठेवावी, हेही महत्त्वाचे. एप्रिल-मेमध्ये मोटारसायकलच्या डिक्कीत चिकटपट्टीचा डिंक वितळून हातमोज्यांना चिकटला होता. शिवाय डिक्की बांधावर आणि माणूस फडात, असा प्रकार होतो. थैली कमरेलाच हवी.

आणखी एक गोष्ट विक्रेत्याने माहितीपत्रकात ठळकपणे छापायला हवी होती: साप चावल्यावर हा पट्टा बांधायचा नाही. आमच्याकडे सर्पदंशावर करकचून दोरी बांधण्याची सवय जुनी आहे, त्यामुळे सालगड्याने थैली पाहताच पहिला प्रश्न तोच विचारला. पत्रक केवळ इंग्रजीत आहे. मी मराठीत चार ओळी लिहून आतल्या बाजूला चिकटवल्या आणि शेतावर राबणाऱ्या प्रत्येकाकडून पट्टा एकदा बांधून घेतला.

कात्री बोथट आहे. ओल्या पँटचे कापडही तिने नीट कापले जात नाही. तीही बदलावी लागेल.