पीएचडीसाठी कन्सल्टंट की ओळखीतला सिनियर?

अमेरिकेतल्या पीएचडीला अप्लाय करताना आधी कन्सल्टंटच गाठायचा असं आपल्याकडे ठरलेलंच असतं, पण एमएस आणि पीएचडीचं गणित वेगळं आहे हो. एमएसला कन्सल्टंट चालून जातो, युनिव्हर्सिटीची यादी, फॉर्म, ट्रान्सक्रिप्ट, व्हिसा हे सगळं तो नीट बघतो, आणि डेडलाइन्स बऱ्याचदा डिसेंबरमध्येच एकदम येतात, तेव्हा नोकरी करणाऱ्याला त्याचा खरंच आधार वाटतो.

पण पीएचडीत निवड प्राध्यापक करतात, ते बघतात तुमचा रिसर्च, एसओपी (म्हणजे काय शिकायचंय आणि का, हे सांगणारा तुमचा निबंध) आणि साधारण तीन शिफारसपत्रं, आणि इथे तुमच्याच विषयात पीएचडी करणारा सिनियर कितीतरी पुढे असतो, कारण कुठल्या लॅबमध्ये जागा आहे, कोणता गाईड विद्यार्थ्यांना वेळ देतो हे त्याला आतून कळतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स) विभागात तर तिथले विद्यार्थीच काही अर्जदारांना फुकट मदत करतात. अडचण एवढीच की सिनियर बिझी असतो, सप्टेंबरमध्येच मेल टाका.

माझं मत सिनियरकडेच. कन्सल्टंट घेतलाच तर कागदपत्रांपुरता, आणि 'एसओपी आम्हीच लिहून देऊ' म्हणाला तर सरळ उठून या.