'डेडलाइन'चं मूळ शोधायला एटिमऑनलाइन पुरतं का?

इंग्रजी जोडशब्दाचं मूळ चटकन हवं असेल तर डग्लस हार्पर यांचा 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी', म्हणजेच एटिमऑनलाइन, आधी उघडावा. मोफत आहे, नोंदी आटोपशीर आहेत आणि जोडशब्दाच्या दोन्ही भागांच्या नोंदींकडे थेट जाता येतं. 'कपबर्ड'सारख्या शब्दाला तेवढं पुरतं. 'बोर्ड' म्हणजे जुन्या इंग्रजीत टेबलही. त्यामुळे 14व्या शतकाच्या अखेरीस कपबर्ड हे पेले मांडायचं टेबल होतं. बंद कपाट हा अर्थ 16व्या शतकातला.

'डेडलाइन'ला मात्र हा कोश अपुरा पडतो. 'मुदत' हा अर्थ अमेरिकन वृत्तपत्रांच्या बोलीतला, साधारण 1920चा, असं नोंद सांगते. 1864च्या तुरुंगातल्या रेषेचा त्यावर कदाचित प्रभाव असावा, असंही. अमेरिकी यादवी युद्धात अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत तटापासून सुमारे 19 फूट आत लाकडी कठडा होता; त्यालाच 'डेड लाइन' म्हणत. तो ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. छावणीप्रमुख हेन्री वर्झवरच्या 1865च्या खटल्यातही ही रेषा आली. किस्सा इतका अंगावर येणारा आहे की पुढे सांगताना लोक 'कदाचित' हमखास गाळतात. हार्पर यांनी तो ठेवलाय, हे फार महत्त्वाचं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आणखी एक अर्थ सापडतो: छपाईयंत्राच्या पाटावरची मर्यादारेषा. टाइप, म्हणजे छपाईचे अक्षरखिळे, तिच्याबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. वृत्तपत्रांच्या बोलीशी हा अर्थ जास्त जवळचा वाटतो, निदान तो दुर्लक्षून चालणार नाही. इथे प्रत्येक अर्थाखाली तारखेसह मूळ वाक्यं असतात. एटिमऑनलाइनवर वर्ष मिळतं, पण ते कुठल्या मजकुरातून घेतलं हे बहुतेकदा कळत नाही. या कोशाची खरी उणीव हीच. ऑक्सफर्डला वर्गणी लागते, म्हणून ग्रंथालयाच्या सभासदत्वात तो मिळतो का ते आधी विचारावं.

दोन्हीकडे वर्ष वाचताना एक गफलत नेहमी होते. ते शब्दाचं जन्मवर्ष नव्हे, सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखी वापराचं वर्ष. स्वतः जुनी वर्तमानपत्रं चाळणार असाल, तर शब्द तीन प्रकारे शोधा: तोडून, मध्ये संयोगचिन्ह देऊन आणि जोडून. तोडून लिहिलेला शब्द अवतरणचिन्हांत टाकावा, नाहीतर दोन सुटे शब्द असलेली पानं ढिगाने येतात. फक्त जोडलेलं रूप शोधलं तर सुरुवातीचे बरेचसे वापर हातचे जातात.