नको ती तपासणी करू न देणारी नाशिकरोडची लॅब

पॅथॉलॉजी लॅब चांगली की नाही, हे मी एका गोष्टीवरून ठरवते: गरज नसलेली तपासणी करू नका, असे त्यांनी कधी सांगितले आहे का? नाशिकरोडच्या या छोट्या लॅबने आम्हाला ते सांगितले, आणि तेही एप्रिल २०२१ मध्ये, जेव्हा ‘कोविड प्रोफाइल’ नावाचे रक्ततपासण्यांचे पॅकेज सर्रास विकले जात होते.

तेव्हा आमच्याकडे यांना आणि सासूबाईंना एकदमच कोरोना निघाला. यांना ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. सासूबाईंना काहीच नाही. भूक नेहमीसारखी, वासही येत होता, फक्त देवघरात जाऊ देत नाही म्हणून माझ्यावर चिडलेल्या. आधी ज्या दुसऱ्या केंद्राला फोन केला, त्यांनी दोघांच्याही सगळ्या तपासण्यांचा आग्रह धरला: सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, एलडीएच, आयएल-६, म्हणजे शरीरातला दाह, रक्ताच्या गुठळ्या यांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासण्या. इथल्या डॉक्टर मॅडमनी आधी विचारले, “ताप येऊन किती दिवस झाले? ऑक्सिजन किती दाखवतोय?” मग म्हणाल्या, “काकू, आजींना मधुमेह आहे म्हणून सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, साखर आणि सीआरपी बघू. आयएल-६ वर पैसे घालवू नका.”

सासूबाईंचा सीआरपी ३ आला, यांचा १४. आठवडा उलटता उलटता यांचा ८२ झाला आणि लिम्फोसाइट या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या. विषाणू एकच, घर एकच, आणि दोन कागदांत एवढी तफावत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे, म्हणून मॅडमना खोदून खोदून विचारले. त्या गर्दीतही त्यांनी नीट सांगितले. सीआरपी यकृतात तयार होते. संसर्गाच्या जागेवरच्या पेशी आयएल-६ सारखे सायटोकाइन, म्हणजे निरोप पोचवणारी प्रथिने, सोडतात आणि त्या निरोपावर यकृत कामाला लागते. म्हणजे हा आकडा विषाणू किती आहे ते सांगत नाही, शरीरात दाह किती उठला आहे ते सांगतो.

मला तेव्हा वाटत होते, सासूबाईंची प्रतिकारशक्ती जबरदस्त, म्हणून त्यांना काही झाले नाही. मॅडमनी चीनमधल्या चोंगछिंगच्या वान्चोउ जिल्ह्यातला अभ्यास सांगितला. जून २०२० मध्ये तो ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला होता. लक्षणे नसलेल्या ३७ जणांची तुलना लक्षणे असलेल्या ३७ जणांशी केली, तर पहिल्या गटात १८ सायटोकाइन कमी आढळली. पण त्यांच्या अँटिबॉडीही कमी होत्या, आणि स्वॅबमध्ये विषाणूचे अंश जास्त दिवस सापडत राहिले, साधारण १९ दिवस; दुसऱ्या गटात १४. वर लक्षणे नसलेल्या त्या ३७ पैकी ११ जणांच्या फुफ्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये धुरकट डाग होते. त्रास नाही म्हणजे शरीरात काहीच घडले नाही, असे नव्हे. सासूबाईंना वेगळ्या खोलीत ठेवण्याचा माझा हट्ट त्यानंतर आणखी पक्का झाला.

दुसऱ्या टोकाचे, म्हणजे काही जण गंभीर का होतात याचे, एक कारण मी नंतर वाचले. सुरुवातीलाच विषाणूला अडवणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिने असतात. गंभीर आजारी पडलेल्या ९८७ जणांपैकी १०१ जणांच्या रक्तात त्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या. सौम्य किंवा लक्षणेच नसलेल्या ६६३ जणांमध्ये एकाही माणसात नाही. पहिला अडसर निघाला की विषाणूला वाढायला मोकळीक मिळते आणि मागाहून येणारा दाह आवरेनासा होतो.

या लॅबच्या अहवालाखाली एक ओळ छापलेली असते: केवळ या आकड्यावरून औषध सुरू करू नये. ती ओळ त्या दिवसांत लाखमोलाची होती. सीआरपी वाढल्याचे कळताच सोसायटीतले लोक स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवू लागले. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही. यांचा ऑक्सिजन ९१ वर आला तेव्हाच, रुग्णालयात भरती झाल्यावर, ते औषध सुरू झाले. पुढचा सीआरपी झपाट्याने उतरला, आणि तो कागद बघून मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा हाताने हलका आहे. सासूबाईंची शीर सापडत नाही, तरी त्याने दुसऱ्यांदा टोचले नाही. पीपीई किट घालून घामाघूम झालेला असायचा, पण “आजी, मूठ घट्ट धरा” एवढे हसून म्हणायचाच. दर रास्त आहेत, पार्किंगला जागा नाही.

सुधारणा दोन हव्यात. सीआरपीचे एकक ठळक छापा. काही ठिकाणी लिटरमागे मिलिग्रॅम असते, काही ठिकाणी डेसिलिटरमागे, आणि दहापटीचा फरक पडतो. डी-डायमरचेही तसेच, तिथे दोन पद्धतींत साधारण दुपटीचा फरक असतो. अहवाल व्हॉट्सअॅपवर येतो, पण ज्येष्ठांसाठी छापील प्रत मागावी लागते, ती न मागता द्यावी.