टीडीएस पेन: ३२० रुपयांत एवढंच

आमच्या सोसायटीत फिल्टर विकणारा एक पोरगा आला. दोन ग्लासांत कांड्या सोडल्या, प्लग लावला, आणि बोअरच्या पाण्याचा बघता बघता तपकिरी गाळ झाला. सगळे हबकले. मी अंबडच्या मशीनशॉपमध्ये २८ वर्षं काढलीत. म्हटलं, बाळा, हा गंज तुझ्या लोखंडी कांड्यांचा आहे. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. तुझ्या आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, ते काय तपकिरी होणार! पोरगा गेला, पण त्याच्या खिशातलं टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, मनात भरलं. मेनरोडवरून ३२० रुपयांना घेऊन आलो.

तीन महिने वापरतोय. नळाचं, म्हणजे गंगापूर धरणाचं पाणी १३० पीपीएमच्या (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आसपास, बोअरचं ७१०. (भारतीय मानकात ५००पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २०००पर्यंत चालवून घेतात.) आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट लागतो. शेजारच्या भाऊंना तेवढा धीर नसतो, मग पेन खोटं म्हणून भांडतात.

खरी गंमत पुढे. ग्लासभर नळाच्या पाण्यात दोन चमचे साखर विरघळवली. पेनचा आकडा जवळजवळ तिथेच! चिमूटभर मीठ टाकलं तर गडी थेट हजाराच्या वर. पेन फक्त वीज किती वाहते ते बघतं. जे वीज वाहून नेत नाही ते त्याच्या लेखी पाण्यात नाहीच. नायट्रेट बेरजेत धरतं, पण नाव सांगत नाही. द्राक्षबागांच्या पट्ट्यात बोअर असलेल्यांनी ते लॅबमध्येच तपासावं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा.

हे फोनवर सांगितलं तर मुलगी हसली. ती अमेरिकेत न्यू हॅम्पशरला असते, पीजच्या जुन्या हवाईतळावरच्या ऑफिसात. तळ १९९१ला बंद झाला. तिथल्या हेवन नावाच्या विहिरीत १९७७लाच ट्रायक्लोर सापडलं होतं. ट्रायक्लोर म्हणजे आम्ही पार्टवरचं ऑइल काढायला वापरायचो तेच, गोडसर वासाचं. पाण्याहून जड, जमिनीत खाली खाली जातं. पुढे २०१४मध्ये त्याच विहिरीत आग विझवायच्या फेसातलं पीएफओएस नावाचं रसायन निघालं आणि विहीर बंद केली. प्रमाण लिटरला २.५ मायक्रोग्रॅम. म्हणजे ०.००२५ पीपीएम, आणि माझ्या पेनचं सगळ्यात लहान माप १ पीपीएम! चारशेपट कमी. ती विहीर पेनने तपासली असती तर बहुतेक शाबासकीच मिळाली असती.

तिथे आता पाणी रेझिन आणि दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून काढतात. "बाबा, कार्बन भरला की बदलावा लागतो, तुमच्या फिल्टरमधला कधी बदललाय?" तिने विचारलं. मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं, तर काडतुसावर २०२१ची तारीख.

आरओची जाळी गेली का, हे बघायला पेन झकास. आमचा आकडा ४०वरून १९०वर गेला तेव्हा कळलं. त्यासाठी तीन तारे. एक तारा टोपणाचा कापला, कारण ते पहिल्या आठवड्यातच तडकलं. बटणासारखे दोन सेल लागतात, ते घड्याळवाल्याकडे मिळतात.