पायाच्या नर्व्ह ब्लॉकसाठी बुपिव्हाकेन: ०.५ टक्के की ०.२५?

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नर्व्हच्या शेजारी बधिर करणारं औषध टोचणं; बुपिव्हाकेन हे असंच एक औषध. ५० किलोच्या रुग्णाला २ मिग्रॅ प्रति किलो या सर्वसाधारण मर्यादेने बुपिव्हाकेन १०० मिग्रॅच देता येतं. ०.५ टक्क्याचं ते २० मिली भरतं, ०.२५ टक्क्याचं ४० मिली. औषध तेवढंच. पण पायाला बहुतेकदा फिमोरल (मांडीच्या पुढच्या बाजूची नर्व्ह) आणि सायटिक (मांडीच्या मागून खाली जाणारी नर्व्ह) असे दोन ब्लॉक लागतात, आणि २० मिली दोघांत वाटून द्यायचे म्हणजे सायटिकची पंचाईत. ही शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह, औषध आत मुरायला वेळ घेते.

शस्त्रक्रिया निव्वळ ब्लॉकवरच करायची असेल, तर मी ०.५ टक्के घेईन. बधिरता दाट येते, स्नायूही ढिले पडतात. मात्र अल्ट्रासाऊंड हवा. सुई नर्व्हच्या शेजारी दिसत असेल तर कमी मिलीतही भागतं. अंदाजाने टोचताना नाही.

स्पायनल (पाठीच्या कण्यात टोचून दिलेली) किंवा पूर्ण भूल दिलेली आहे, ब्लॉक फक्त नंतरच्या वेदनेसाठी आहे, तर ०.२५ पुरे. औषध दूरवर पसरतं, स्नायूंची ताकद कमी जाते. तरी फिमोरल ब्लॉकनंतर मांडी लुळी पडू शकते, म्हणून रुग्णाला आधाराशिवाय उभं करू नये.

पातळ केलं म्हणजे सुरक्षित झालं, हा समज मात्र घातक. विषबाधा एकूण मिलिग्रॅमवर ठरते, आणि औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर मर्यादेतला डोसही झटके आणू शकतो, हृदय बंद पाडू शकतो. दोन्ही पर्यायांत मधूनमधून ॲस्पिरेट करत (सिरिंज मागे ओढून रक्त येतं का ते बघत) थोडंथोडं द्यायचं, आणि या विषबाधेवरचा उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) हाताशी ठेवायचं.