मामांची रॅले, तीन गिअर आणि एक कॉटर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात म्हात्रे पुलाच्या मध्यावर माझ्या सायकलच्या डाव्या कॉटरचे, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) एक्सलला पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरेचे, आटे कापले गेले, नट कुठेतरी गाडीखाली गेला आणि पाठोपाठ कॉटरही पडला. तिथून घरापर्यंतचे साडेतीन किलोमीटर मी सत्तर वर्षे वयाची ती धिप्पाड सायकल हातात धरून चालत आणली. ज्या वस्तूमुळे ही पायपीट झाली तिची किंमत वडापावापेक्षा कमी आहे. म्हणून या अभिप्रायात कॉटरविषयी जरा जास्तच लिहिले गेले, तर वाचकांनी ते त्या साडेतीन किलोमीटरांच्या हिशेबात समजून घ्यावे.

सायकल माझ्या मामांची, नॉटिंगहॅमची रॅले, चोवीस इंची फ्रेम, रॉड ब्रेक, मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब, म्हणजे चाकाच्या मध्यभागीचा तुंबा, ज्याच्या पोटातच गिअर असतात. हबच्या कवचावर ५५ हा आकडा ठसठशीत आहे, म्हणजे हब १९५५ सालचा. मामा तिच्यावरून सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात जात असत आणि पालिकेचा सायकलकराचा जुना बिल्ला अजून हँडलला लटकलेला आहे. जुन्या बाजारात रविवारी गेल्यास प्रत्येक काळी सायकल 'इंग्लिश रॅले' म्हणूनच दाखवली जाते. त्यातल्या बऱ्याच आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात बनलेल्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही, पण सुटे भाग शोधायला निघण्यापूर्वी आपल्याकडे नेमकी कोणती आहे हे पुढच्या बिल्ल्यावर वाचून घ्यावे. माझ्या बिल्ल्यावर बगळ्याचे डोके आणि नॉटिंगहॅम ही अक्षरे शाबूत आहेत, आणि पुढच्या दात्यांच्या चक्रातही त्याच बगळ्यांच्या माना कापून काढलेल्या आहेत.

रंगाला मी हात लावला नाही. रॉकेलच्या बोळ्याने वीस वर्षांचा चिकटा काढला, गंजलेल्या क्रोमवर ओला ॲल्युमिनियमचा कागद घासला आणि सोनेरी रेघा जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या राहू दिल्या. त्यामुळे मोठा खर्च वाचला, आणि तो वाचवण्यासाठीच मी ते केले हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही.

पहिली अडचण तळच्या बेअरिंगची, म्हणजे पायडलांचा एक्सल ज्यात फिरतो त्याची. ब्रिटिश सायकलींच्या या जागी साधारणपणे इंचाला चोवीस आटे असतात, पण रॅलेने स्वतःच्या सायकलींसाठी सव्वीस आट्यांचे माप कित्येक वर्षे चालवले. बाहेरचा व्यास इतका जवळचा असतो की चोवीस आट्यांची वाटी (छर्रे जिच्यात फिरतात ती) सव्वीसच्या नळीत दोन फेरे अगदी सुखाने जाते आणि मग अडते. तिथे ज्याने पान्ह्याला पाइप लावून जोर केला, त्याने फ्रेम कायमची बिघडवली म्हणून समजावे. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'सर्व इंग्लिश सायकलींना चालेल' असे लिहून मला नेमकी चोवीसची वाटी पाठवली. तक्रार केल्यावर वाटीचे पैसे परत करायला तो तयार झाला, परंतु टपालखर्च, जो वाटीहून जास्त होता, तो द्यायला त्याने नकार दिला. सात पत्रे झाली. शेवटी ती वाटी मी कागदावर दाब म्हणून वापरतो आहे.

या प्रकरणातून शिकलो ते एवढेच, की जुनी वाटी चांगली असेल तर ती हलवूच नये. उजवीकडची स्थिर वाटी उलट्या आट्यांची असते आणि सत्तर वर्षांनी ती सहजी सुटत नाही. मी ती जागेवरच ठेवली, आतून रॉकेलने धुतली, टॉर्चच्या उजेडात तिच्यावर खड्डे नाहीत याची खात्री करून घेतली आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा पाव इंची नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवले. छर्रे पेठेतल्या कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळतात. बेअरिंग आज इतके हलके फिरते की सव्वीस आट्यांच्या नव्या वाटीच्या शोधात घालवलेले पाच आठवडे मला आता वायफळ वाटतात.

एक सुखद धक्का मात्र नोंदवलाच पाहिजे. अठ्ठावीस बाय दीडचा टायर विलायतेत आज शौकिनांची वस्तू झाला आहे, पण आपल्याकडे तो दूधवाल्यांच्या आणि गॅसवाल्यांच्या कृपेने खेड्यापाड्यांतल्या दुकानांतही टांगलेला असतो. बत्तीस आणि चाळीस तारांची चाके, अर्धा बाय एक-अष्टमांश इंचाची चेन, रॉड ब्रेकचे रबर, वॉल्व्हट्यूब, हे सगळे मला एकाच सकाळी, एकाच दुकानात आणि पाचशेची दुसरी नोट न मोडता मिळाले (टायर सोडून). विलायतेतले जे लोक हीच मापे शोधत बसतात, त्यांची मला त्या दिवशी कीव आली.

हबबद्दल थोडेच लिहितो, कारण तो तक्रारीला जागा देत नाही. १९३६ साली आलेल्या या एडब्ल्यू हबची आतली रचना पुढे इतकी कमी बदलली की नंतरच्या अनेक दशकांतले बरेच भाग यात बसतात. कंपनी २००० साली तैवानच्या मालकांकडे गेली, तरी तीन गिअरचे हब ती अजून बनवते. मला नवे भाग लागलेच नाहीत. गिअर अडकत होते त्याचे कारण हब उघडल्यावर कळले : मामांनी तेलाच्या भोकातून वर्षानुवर्षे खोबरेल सोडलेले होते. पुण्याच्या डिसेंबरात ते आत तुपासारखे थिजत असणार आणि उन्हाळ्यात पुन्हा पातळ होत असणार, शेवटी त्याचा खळीसारखा थर झाला होता. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्यावर सगळे खटके मोकळे झाले. आता महिन्याला चमचाभर इंजिनाचे तेल पुरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळे फिरण्याची जी जागा असते, ती या हबमध्ये उपजतच आहे, दोष नव्हे. दुसऱ्या गिअरवर, गिअरची तार जिला जोडलेली असते त्या बारीक साखळीची काडी एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आणून तार घट्ट केली की तिचा त्रास होत नाही.

गिअरचे गणित मात्र पुण्याच्या चढांना मानवणारे नव्हते. पुढे सेहेचाळीस आणि मागे अठरा दाते म्हणजे मधला गिअर सुमारे बहात्तर इंचांचा होतो (पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा अठ्ठावीस इंची व्यास; आकडा जेवढा मोठा तेवढे पायडल जड), आणि एडब्ल्यूचा पहिला गिअर त्याच्या पाऊणपट असल्याने तो चोपन्नच्या जवळ येतो. चांदणी चौकाकडे चढताना हे फार जड जाते. मागचे चक्र बावीस दात्यांचे बसवले आणि चेनमध्ये दोन कड्या वाढवल्या, तेव्हा पहिला गिअर चव्वेचाळीस इंचांवर आला. तिसरा आता अठ्ठ्याहत्तरचा आहे आणि माझ्या वयाला तो भरपूर आहे. मूळपणाचा आग्रह धरणारे याला पाप म्हणतील. चढ त्यांनी चढून दाखवावा.

आता कॉटर. ज्यांनी लहानपणी सायकल चालवली त्यांना पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा तो 'खट्' आवाज ठाऊक असेल. कॉटर म्हणजे एका बाजूने तिरपी सपाट केलेली लोखंडी पाचर, ती क्रँकच्या भोकातून जाते आणि तिची सपाट बाजू एक्सलवरच्या सपाट खाचेवर बसते. सगळा जोर त्या नखाएवढ्या पृष्ठभागावरून जातो. जुन्या इंग्लिश क्रँकला साडेनऊ मिलिमीटरचा कॉटर लागतो. दुकानातून आणलेल्या सहा कॉटरांना व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची पट्टी) लावला तेव्हा दोन बरोबर निघाले, तीन कमी भरले आणि एक कोणत्याच मापाचा नव्हता. तिरप्या कापाचा कोनही प्रत्येकाचा वेगळा होता. दुकानदाराला हे दाखवले तर तो म्हणाला की कॉटर परत घेतला जात नाही आणि एवढ्या लहान वस्तूला माप लावणारे गिऱ्हाईक त्याने तीस वर्षांत पाहिलेले नाही.

पहिल्या चार महिन्यांत डावीकडचे तीन कॉटर चेपले. तेव्हा मी या अभिप्रायाचा कच्चा मसुदा लिहिला होता आणि त्यात 'आजकालचे कॉटर मातीचे असतात' असे एक वाक्य होते. ते वाक्य मी मागे घेत आहे, निदान अर्धे तरी. चौथा कॉटर बसवण्यापूर्वी त्याच्या सपाट बाजूला मी निळ्या मार्करची शाई फासली, तो ठोकून बसवला, परत काढला आणि पाहिले, तर शाई फक्त एका कडेला, केसाएवढ्या रेघेत घासली गेली होती. म्हणजे एक्सलची खाच आणि कॉटरचा काप यांची गाठच पडत नव्हती. सगळा भार त्या रेघेवर, मग धातू कितीही चांगला असला तरी तो दोन आठवड्यांत चेपणारच. बारीक कानशीने जिथे शाई घासली गेली तेवढेच खरवडायचे, पुन्हा शाई लावायची, पुन्हा बसवायचा. चार-पाच वेळा असे केल्यावर शाई जवळजवळ सगळ्या पृष्ठभागावर पुसली जाऊ लागली. या कामाला एक तास लागतो. तो तास मला पहिल्या तीन कॉटरांच्या वेळी द्यायचा नव्हता, हे खरे कारण.

दुसरी चूकही माझीच. नट पान्ह्याने करकचून आवळला की कॉटर आत ओढला जातो, असे मला वाटत होते. वास्तविक नटाचे काम कॉटरला फक्त मागे सरकू न देण्याचे असते. आत तो ठोकून किंवा दाबूनच बसवावा लागतो, नाहीतर आट्यांवर ताण येतो आणि मग ते एखाद्या पुलावर कापले जातात. ठोकतानाही क्रँकच्या खाली आधार नसेल तर हातोड्याचा प्रत्येक घाव छर्ऱ्यांवर जातो आणि वाट्यांना खड्डे पडतात. यासाठी दाबयंत्र मिळते, पण ते मागवण्याचा खर्च आयुष्यभराच्या कॉटरांइतका आहे. मी प्लंबरकडून नळाच्या पाइपचा सुमारे अकरा इंची तुकडा फुकट आणला. क्रँक आडवी ठेवायची, तिच्या खाली पाइप जमिनीवर उभा करायचा, कॉटरचे आट्यांचे टोक पाइपच्या पोकळीत येऊ द्यायचे आणि वरून जड हातोड्याचे तीन-चार नेमके घाव घालायचे. मग नट बेताने. तीस-चाळीस किलोमीटर चालवल्यावर आणखी एकदा घाव आणि नट. दोन्ही कॉटरांची दिशाही पाहून घ्यावी : एका बाजूचा नट वर आला असेल तेव्हा दुसऱ्या बाजूचा खाली हवा, नाहीतर दोन क्रँका एका रेषेत येत नाहीत आणि चालवणारा लंगडत असल्यासारखा दिसतो.

म्हात्रे पुलावर जो गेला तो चौथाच कॉटर होता. काप त्याचा उत्तम जुळलेला होता, परंतु पहिल्या चाळीस किलोमीटरनंतरचा घाव घालायचा मी विसरलो, आणि सैल वाटल्यावर पाइप काढण्याचा आळस करून नुसता नट आवळला. म्हणून सारा दोष दुकानदारावर टाकता येत नाही. मात्र मापाचा दोष त्याचाच आहे आणि तो मी सोडणार नाही.

पाचवा कॉटर ओळखीच्या टर्नरने लेथवर कापून दिला. त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त सायकल अंगणात एक चक्कर मारून पाहिली. या कॉटरवर आज चारशे किलोमीटर झाले आहेत आणि आवाज नाही. पावसाळा यायचा आहे. ओल्या स्टीलच्या रिमवर रॉड ब्रेक कसे लागतात ते मला ठाऊक असल्याने जुलैत सायकल घरातच राहील आणि तेव्हा त्याचे शेवटचे मोजमाप करीन.

एक गोष्ट सांगायची राहिली. बेअरिंग उघडताना दोन्ही कॉटर काढावे लागले होते. डावा वाकला आणि शेवटी ड्रिलने काढावा लागला, पण उजवा दोन घावांत अखंड बाहेर आला, कापावर ओरखडाही नव्हता, म्हणून तोच पुसून परत बसवला. तो मूळचा, मामांच्या वेळचा आहे. आठ महिन्यांत तो तसूभर हललेला नाही आणि त्याच्या नटाला मी पान्हा लावणार नाही.